औषध लागू का पडत नाही?

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझी आत्या गेली. पालीपासून जवळच्याच एका वाडीत तिचे सासर. लावणीच्या दिवसांत चिखलात पायाला काटा लागला, एवढेच निमित्त. वय बासष्ट. अंगात दहा वर्षांचा मधुमेह. काटा लागल्यापासून एकतिसाव्या दिवशी आम्ही तिला घरी आणले ते शववाहिकेतून. वाडीतली जुनी माणसे म्हणाली, "तिची येळच भरली होती. नाहीतर काट्यानं कोण मरतं?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर चुकीचे होते. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे ज्यांनी बुद्धाकडून आणि बाबासाहेबांकडून शिकून घेतले, त्यांनी 'वेळ भरली' या उत्तरावर समाधान मानून कसे चालेल? व्यवसायाने मी वकील. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आतेभावाकडून सगळे कागद मागून घेतले आणि तारीखवार लावले. त्या फायलीत एक पिवळा पडत चाललेला कागद होता. डावीकडे औषधांची नावे आणि प्रत्येकापुढे एकच इंग्रजी अक्षर : आर, आर, आर. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू या औषधाला दाद देत नाही. सतरा औषधांपुढे आर होते. एकाच औषधापुढे एस, म्हणजे लागू पडेल. ते औषध होते कोलिस्टिन, मूत्रपिंडाला इजा करू शकणारे आणि म्हणून शेवटचे म्हणून राखून ठेवलेले. आत्याची मूत्रपिंडे तोवर थकली होती.

सातबारा कसा वाचायचा हे आपल्या माणसांना शिकवण्यात माझी निम्मी वकिली गेली. हा कागद वाचायला मात्र मी स्वतः उशिरा शिकलो. जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो आहे, कारण असा कागद उद्या तुमच्याही हातात येऊ शकतो.

आधी एक गैरसमज दूर करू. औषधाला सरावतो तो माणूस नव्हे, जंतू. जंतूंची संख्या कोट्यवधी असते आणि त्यांत एखाददुसरा असा असतो की ज्याच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. औषध घेतले की साधे जंतू मरतात, हा उरतो. मोकळे रान मिळाले की त्याचीच प्रजा वाढते. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना हाच धोका सांगून ठेवला होता : अपुरी मात्रा द्याल तर जंतूंना औषध पचवायला शिकवाल. शिवाय काही जंतू ही विद्या स्वतःपुरती ठेवत नाहीत. दस्ताची नक्कल काढून द्यावी तशी ते आपल्या जनुकाची नक्कल शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात.

आता आत्याची फाईल उघडू. गावातल्या डॉक्टरने पहिल्या दिवशी एक इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. ताप उतरला, तिने लावणी पुरी केली. सूज पुन्हा आली तेव्हा आतेभावाने मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय 'स्ट्राँग गोळी' आणली, चार दिवस दिली. नवव्या दिवशी शहरातले एक नर्सिंग होम, तिथे सहा दिवस सलाईन आणि दोन नवी प्रतिजैविके. पंधराव्या दिवशी घाटावरचे एक मोठे खाजगी रुग्णालय. तिथे पायावर शस्त्रक्रिया, मग अतिदक्षता विभाग, लघवीची नळी, मानेतल्या शिरेत नळी, बाविसाव्या दिवसापासून श्वासासाठी घशात नळी. जखमेतला पू तपासणीला पहिल्यांदा गेला तो विसाव्या दिवशी. अहवाल आला तेविसाव्या दिवशी. तोवर पाच वेगवेगळी प्रतिजैविके पोटात आणि शिरेत जाऊन चुकली होती, आणि आपण कुठल्या जंतूशी लढतो आहोत हे कुणालाच माहीत नव्हते.

रुग्णालयात असा न मरणारा जंतू कुणाला गाठतो, याची वैद्यकशास्त्राने केलेली यादी मी नंतर वाचली. आधीच्या दोन-तीन महिन्यांत प्रतिजैविके घेतलेली असणे. मोठा मुक्काम. एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवले जाणे. अतिदक्षता विभाग. लघवीची नळी, मोठ्या शिरेतली नळी, व्हेंटिलेटर. नुकतीच झालेली शस्त्रक्रिया. मधुमेह, डायलिसिस, कर्करोग, भाजलेले अंग, म्हातारपण, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेले मूल. ही यादी वाचताना अंगावर काटा आला. दोन-चार सोडली तर साऱ्या ओळींवर आत्याचे नाव होते.

या यादीतली प्रत्येक गोष्ट वाईट आहे असे मात्र नाही. नळी जीव वाचवण्यासाठीच घालतात. परंतु शरीराची कातडी ही तटबंदी आहे आणि प्रत्येक नळी म्हणजे त्या तटाला पाडलेले भगदाड. गरज संपल्यावरही ती एक दिवस जास्त राहिली तर जंतूला एक दिवस जास्त वाट मिळते. प्रतिजैविकही जीव वाचवते, पण आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंची वस्ती उठवून चिवट जंतूंना जागा करून देते. असे जंतू अंगात बाळगणारा माणूस आजारी दिसतही नाही. तो एका रुग्णालयातून दुसऱ्यात जातो, तेव्हा त्याच्याबरोबर तेही जातात.

इथे आमच्या गावाचा भूगोल आडवा येतो. पाली हे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. हातखंब्याच्या पुढे आले की इथून एक रस्ता लांज्याकडे जातो आणि दुसरा नाणीज-साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला. मोठे दुखणे आले की आमचा माणूस आधी रत्नागिरीला, तिथून घाटावर, नाहीतर थेट मुंबईला. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आहे, ही चांगली गोष्ट. पण आजवर आमच्या कित्येक पिढ्या रुग्णवाहिकेतून एका दारातून दुसऱ्या दारात फिरल्या आहेत. प्रत्येक दारात नवे औषध, नवी नळी, आणि मागच्या कागदांकडे कुणाचे लक्ष नाही. हे फिरणे पैशाअभावी, सोयीअभावी होते. म्हणजे ज्याला शास्त्र 'जोखमीचा घटक' म्हणते, तो पुष्कळदा गरिबीचाच दुसरा अवतार असतो.

हे केवळ एका घरचे दुःख नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात, मेरोपेनेमच्या कुळातल्या भारी औषधांनाही दाद न देणारे २४ जंतू तपासले. त्यांपैकी २२ जंतूंमध्ये एनडीएम-१ हे जनुक सापडले. मार्च २०१० मध्ये त्यांनी ते भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापून सरकारला आणि सहकाऱ्यांना सावध केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परदेशी नियतकालिकात मोठा लेख आला, तेव्हा देशात गदारोळ झाला. कशावरून? तर जनुकाच्या नावात 'नवी दिल्ली' का घातली म्हणून! नावावर संसदेपर्यंत चर्चा झाली. वॉर्डात हात धुवायला नळ आहे का, यावर तेवढी झाली नाही.

पुढे त्याच रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार क्षयरुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. जानेवारी २०१२ मध्ये ही बातमी जगभर गेली, आणि सरकारने पुन्हा शब्दावरच हरकत घेतली. खरा प्रश्न होता तो, हे रुग्ण तिथवर पोहोचले कसे? १९९१ मध्ये मुंबईच्या झोपडपट्टीतील १०० खाजगी डॉक्टरांना क्षयावरचे औषध लिहायला सांगितले होते, तेव्हा त्यांनी ८० वेगवेगळ्या पद्धती लिहिल्या. जवळपास वीस वर्षांनी धारावीत पुन्हा तशीच पाहणी झाली. तेव्हाही बहुतेकांना बरोबर चिठ्ठी लिहिता आली नाही. धारावीत कोण राहते, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

आज परिस्थिती काय आहे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर, मोठ्या रुग्णालयांतील जंतूंची नोंद ठेवते. तिच्या अहवालानुसार इमिपेनेम हे भारी औषध २०१६ मध्ये ई. कोलाय या जंतूच्या ८६ टक्के नमुन्यांवर चालत होते. २०२१ मध्ये ते ६४ टक्क्यांवर आले. क्लेबसिएला या जंतूच्या बाबतीत हाच आकडा ६५ वरून ४३ वर घसरला. आत्याच्या कागदावर जंतूचे नाव हेच होते, क्लेबसिएला. २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे तीन लाख मृत्यू थेट या औषध-प्रतिरोधामुळे झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आत्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर मात्र 'सेप्टिसीमिया' एवढाच शब्द आहे. म्हणजे रक्तात विष पसरले. ते का पसरले, औषध का हरले, याला दाखल्यावर रकाना नाही. ज्या मृत्यूची मोजदाद होत नाही, त्याचा जाबही कुणी विचारत नाही. आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाही.

आता सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे येतो. हा जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो कसा? त्याला पाय नाहीत, पंख नाहीत. तो बहुतेक वेळा हातावर बसून जातो. डॉक्टरच्या, नर्सच्या, वॉर्डबॉयच्या, नातेवाइकाच्या हातावर.

१८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा डॉक्टर होता. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात मोठमोठे डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात साध्या सुईणी. मरत होत्या त्या डॉक्टरांच्या विभागातल्या बाया, सुईणींच्या विभागापेक्षा दुपटीहून अधिक. कारण हे डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीला हात लावत. सेमेलवाइसने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा मरत होत्या, जुलैमध्ये हे प्रमाण शंभरात सव्वाच्या आसपास आले. पण प्रतिष्ठित डॉक्टरांना राग आला. आमचे हात घाण? विद्वानांचे हात अस्वच्छ असूच शकत नाहीत!

ही गोष्ट वाचून आपल्या वाचकांना दुसरे काही आठवले नाही तर नवल. या देशाने हजारो वर्षे कुणाचा स्पर्श बाटवतो याचा हिशेब ठेवला, आणि तो जन्मावरून ठेवला. विज्ञान सांगते, स्पर्श बाटवतो तो न धुतलेल्या हाताचा. मग तो हात प्राध्यापकाचा असो की झाडूवालीचा. जंतू गोत्र विचारत नाही.

तरीही रुग्णालयात स्वच्छतेचे काम कुणाकडे असते? जाऊन पाहा. फरशी पुसणारी, रक्ताळलेले बोळे उचलणारी, भांडी धुणारी माणसे बहुतेक आपलीच, आणि आता बहुतेक कंत्राटी. ठेकेदार बदलला की माणसे बदलतात. त्यांना हातमोजे वेळेवर मिळत नाहीत, जंतुनाशक किती पाण्यात किती घालायचे हे कुणी शिकवत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्याला प्रशिक्षण द्यावे लागते, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी लागते. किती कंत्राटी कामगारांना ती मिळाली, हे आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात विचारून पाहावे.

नांदेडची घटना आठवा. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तिथल्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण मरण पावले, त्यांत १२ नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण त्याआधी एक खासदार तिथे गेले आणि त्यांनी आदिवासी समाजातून आलेल्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावले. पुढे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. शौचालय घाण होते, हे खरेच असेल. पण त्यावर उपाय काय सुचला? माणसे नेमा, पाणी द्या, निधी द्या, असे नाही सुचले. झाडू हातात द्यायचा तो शिक्षा म्हणून, अपमान म्हणून! जोवर या देशात झाडू ही शिक्षा आहे, तोवर रुग्णालये स्वच्छ होणार नाहीत. स्वच्छता ही कौशल्याची, विज्ञानाची आणि सन्मानाच्या पगाराची गोष्ट आहे, हे मान्य झाले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरातल्या पंधरांना तिथेच नवा संसर्ग होतो, श्रीमंत देशांत सातांना. हातांची स्वच्छता आणि संसर्ग रोखण्याचे साधे नियम पाळले तर यातले ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टळू शकतात. ७० टक्के! याला नवे औषध लागत नाही, साबण, पाणी आणि पुरेशी माणसे लागतात.

आत्याच्या खाटेशी बसलो असताना मी एका सिस्टरला विचारले होते, "ताई, दोन पेशंटच्या मध्ये हात धुवायला वेळ मिळतो का?" ती थकलेली हसली आणि म्हणाली, "वकीलसाहेब, रात्रपाळीला आम्ही दोघी. मोजा तुम्हीच." मी खाटा मोजल्या, बत्तीस होत्या. त्या बाईला दोष देण्याची माझी हिंमत झाली नाही.

मग दोष नशिबाचा नाही, सिस्टरचा नाही, तर कायदा काय म्हणतो? घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये जीविताचा हक्क आहे. अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी रुग्णालयात तातडीचे उपचार न मिळणे हा अनुच्छेद २१ चा भंग ठरवला. आणि १९८० च्या रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सांगितले की नागरी स्वच्छतेच्या कर्तव्यातून 'पैसा नाही' ही सबब सांगून सुटता येणार नाही. रस्त्यावरच्या गटाराला जे लागू आहे, ते अतिदक्षता विभागातल्या बेसिनला का लागू नसावे? हा प्रश्न कुणीतरी न्यायालयात नेला पाहिजे.

औषध दुकानांसाठीही कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे. तिच्यातील प्रतिजैविके आणि क्षयाची औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि विकताना डॉक्टरचे, रुग्णाचे व औषधाचे नाव, नग नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्या आणि इतर खाद्य प्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली. होय, जे औषध आत्यासाठी शेवटचे उरले होते, ते तोवर कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात मिसळले जात होते.

कायदे आहेत. ते वापरणारा समाज जागा असावा लागतो. म्हणून काही गोष्टी आपण आपल्यापासून सुरू करू.

सर्दी-पडशाला प्रतिजैविक मागू नका, कारण ते बहुधा विषाणूचे दुखणे असते आणि त्यावर प्रतिजैविक चालत नाही. पाकिटावर लाल रेषा असलेले औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि डॉक्टरने सांगितले तितके दिवस घ्या. घरात मधुमेही असेल तर रोज त्याचे पाय पाहा. शेतात बूट घालणे ही चैन नव्हे. आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा, आणि रुग्णाला हलवाल तिथे पहिल्यांदा तीच पिशवी पुढे करा. 'गेल्या तीन महिन्यांत ही औषधे घेतली आहेत, या रुग्णालयात होती' हे वाक्य स्वतःहून सांगा. गंभीर जंतुसंसर्ग असेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "साहेब, औषध सुरू करण्याआधी कल्चरला नमुना घेतला का?" उपचार थांबवा असे म्हणायचे नाही, नमुना घेऊन सुरू करा इतकेच. आणि रोज विचारा, "ही नळी आज अजून लागते का?" हा उद्धटपणा नाही.

एक कडू गोष्टही सांगतो. आत्या आजारी पडली तेव्हा वाडीतून दोन जीपगाड्या भरून माणसे भेटायला आली. प्रत्येकाने तिचा हात हातात घेतला, गालावरून हात फिरवला, मग शेजारच्या खाटेवर टेकले. त्यांत मीही होतो. प्रेमापोटी केले, पण हात कुणीच धुतले नव्हते. भेटीला दोघांनी जावे, आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवावेत, बाकीच्यांनी गाडीभाड्याचे पैसे औषधाला द्यावेत.

आणि कागद मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील नियम २०२१ मध्ये सुधारले गेले, त्यांत रुग्ण हक्कांची सनद आहे. ती रुग्णालयात लावलेली असली पाहिजे. सरकारी रुग्णालयाबाबत माहितीच्या अधिकारात साधे चार प्रश्न विचारता येतात : संसर्ग नियंत्रण समिती आहे का, ती शेवटची कधी बसली, मंजूर परिचारिका किती आणि भरलेल्या जागा किती, सफाई कामगार कायम किती आणि कंत्राटी किती. प्रत्येक तालुक्यातून असा एक अर्ज गेला, तरी पुष्कळ काही हलेल. बुद्धविहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्यायला काय हरकत आहे? कल्चरचा अहवाल कसा वाचायचा, हे आपल्या परिचारिका भगिनी आणि वैद्यकीय शिक्षण घेणारी मुले सहज समजावून सांगतील.

आत्याची फाईल माझ्या कपाटात आहे, इतर अशिलांच्या फायलींच्या शेजारी. तिच्यावर खटला उभा राहील का, हे मी अजून तपासतो आहे. कारण आरोपी एक नाही : अर्धवट कॅप्सूल, बिनचिठ्ठीची गोळी, उशिरा पाठवलेला पू, बत्तीस खाटांना दोन परिचारिका, आणि आम्ही न धुतलेले हात. पण वाडीत आता कुणी "येळ भरली होती" म्हटले की मी तो पिवळा कागद बाहेर काढतो आणि एकेक अक्षर वाचून दाखवतो. गेल्या महिन्यात आतेभावाच्या मुलाला ताप आला, तेव्हा त्याची बायको मेडिकलच्या पायरीवरून माघारी फिरली आणि आधी डॉक्टरकडे गेली. जाताना जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी तिच्या हातात होती.